हायरम जॉन्सन यांची मतपेटी

६ ऑगस्ट १९४५ रोजी हिरोशिमावर अणुबाँब पडला आणि त्याच तारखेला अमेरिकेचे ज्येष्ठ सिनेटर हायरम जॉन्सन यांचे निधन झाले. त्या बातमीपुढे या बातमीकडे कोण पाहणार? पण कॅलिफोर्नियातल्या सरकारी शाळांच्या पैशाचा निवाडा पुढे ज्या रीतीने होत गेला, ती रीत याच गृहस्थांच्या कारकिर्दीत रुजली.

जन्म १८६६चा, सॅक्रामेंटोचा. वडील ग्रोव्ह जॉन्सन वकील, राजकारणी आणि सदर्न पॅसिफिक रेल्वेच्या गोटातले. त्या काळी कॅलिफोर्नियात आमदार निवडून देत लोक, पण ते ऐकत रेल्वेचे. मुलाला हे खपत नव्हते. बापलेकांचे बिनसले ते बिनसलेच. १९०२ साली हायरम यांनी वकिलीचे बस्तान सॅन फ्रान्सिस्कोला हलवले. घरातली ही तेढ नसती तर पुढचा लढा इतका कडवा झाला असता का, हा प्रश्न माझ्यातल्या कादंबरीकाराला सोडत नाही.

सॅन फ्रान्सिस्कोत लाचखोरीचे मोठे खटले चालले होते. नोव्हेंबर १९०८ मध्ये भर कोर्टात सरकारी वकील हेनी यांच्यावर गोळी झाडली गेली. ते बचावले, पण काम कोणी चालवायचे? जॉन्सन उभे राहिले आणि शहराच्या कारभाराचा सूत्रधार एब रूफ तुरुंगात गेला. नाव झाले. १९१० मध्ये गव्हर्नरपदासाठी ते मोटारीने गावोगाव हिंडले. एकच सांगणे, रेल्वेला राजकारणातून हाकलायचे. लोकांनी निवडून दिले.

१० ऑक्टोबर १९११ रोजी मतदारांपुढे एकदम २३ घटनादुरुस्त्या आल्या आणि २२ मंजूर झाल्या. स्त्रियांचा मताधिकार जेमतेम साडेतीन हजारांच्या फरकाने तरला. शिवाय ठराविक सह्या गोळा करून नागरिकांनी स्वतःच कायदा मतदानाला ठेवायचा, विधिमंडळ राजी असो वा नसो, हा हक्कही मिळाला. आपल्याकडे असली सोय नाही. गंमत म्हणजे हा काही सर्व रोगांवरचा उतारा नव्हे, हे जॉन्सन यांनी अधिकारग्रहणाच्या भाषणातच सांगून टाकले होते.

पुढचे आयुष्य दिल्लीत, म्हणजे त्यांच्या दिल्लीत, वॉशिंग्टनला गेले. १९१७ पासून अखेरपर्यंत सिनेटमध्ये. १९२० साली हार्डिंग यांच्या जोडीला उपाध्यक्षपदाची उमेदवारी चालून आली, ती यांनी नाकारली. तीन वर्षांत हार्डिंग वारले आणि खुर्ची कूलिज यांना मिळाली!

त्याच १९२० साली कॅलिफोर्नियातल्या शिक्षकांनी जॉन्सन यांच्या हत्याराचा उपयोग केला. सह्या जमवल्या आणि दर विद्यार्थ्यामागे राज्याने निदान ३० डॉलर दिलेच पाहिजेत, हे घटनेत घालून घेतले.

हत्यार मात्र दुधारी. १९७८ साली हॉवर्ड जार्विस या निवृत्त उद्योजकाने याच वाटेने घरपट्टीला लगाम घातला. घरपट्टी मूल्याच्या एक टक्क्यावर बांधली आणि मूल्यवाढही वर्षाला दोन टक्क्यांपलीकडे नाही. मतदारांनी जवळजवळ दोनास एक असा कौल दिला. घरपट्टीचे उत्पन्न निम्म्याहून खाली आले, आणि शाळा चालत होत्या त्या मुख्यतः त्यावरच. उन्हाळी वर्ग बंद पडले. उभी नोकरी बँकेत झालेल्या माणसाला प्रश्न पडतो, जमेची बाजू कायद्याने गोठवली, खर्चाची कोण गोठवणार? मुले काही यायची थांबत नाहीत. पण घरपट्टी भरता भरता घर विकायची वेळ आलेल्या म्हाताऱ्यांची रडही खोटी नव्हती, हेही लिहायला हवे.

मग शाळांच्या बाजूचे लोक पुन्हा सह्यांचे कागद घेऊन निघाले. १९८८ मध्ये राज्याच्या सर्वसाधारण महसुलातला साधारण ४० टक्के वाटा शिक्षणाला, अशी हमी मिळाली, तीही ५० टक्क्यांहून किंचित अधिक मतांनी. २०१२ मध्ये अडीच लाख डॉलरवर मिळकत असणाऱ्यांचा आयकर आणि सगळ्यांचा विक्रीकर थोडा वाढवायला ५५ टक्के मतदार तयार झाले. ही वाढ काही वर्षांपुरती होती. विक्रीकराची मुदत संपली. आयकराची २०१६ साली मतदारांनी २०३० पर्यंत वाढवून दिली.