पंडिता रमाबाई : अनेकींची आई

पुण्याहून दौंडकडे जाणाऱ्या गाडीत बसले की वाटेत केडगाव स्टेशन लागते. गावी जाता-येताना हे स्टेशन मी लहानपणापासून पाहात आले आहे. तेथे मुक्ती मिशन आहे, अनाथ मुली आणि निराधार बायका तेथे राहतात, एवढे आई सांगायची. ते कोणी काढले हे तिला ठाऊक नव्हते, कारण ती शाळेत गेलेली नाही. गेल्या वर्षी माझे वडील वारले. दिवसकार्य आटोपल्यावर मी पुन्हा महाविद्यालयात यावे की नाही यावर घरात बरीच बोलणी झाली. ग्रंथालयातून आणलेले पंडिता रमाबाईंचे चरित्र त्या दिवसांत माझ्या पिशवीत होते. करमत नव्हते म्हणून ते वाचायला घेतले, आणि आईला वाचूनही दाखवले. हा लेख त्या वाचनातून झाला आहे. यात विद्वत्ता नाही, हे प्राध्यापक मंडळींनी गोड मानून घ्यावे.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी कर्नाटकातील सह्याद्रीच्या रानात, गंगामूळ येथे झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे संस्कृत पंडित. त्यांनी आपल्या पत्नीला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकवले. त्या काळी हा गुन्हाच होता! धर्मसभेपुढे त्यांना जाब द्यावा लागला, पण शास्त्रीबोवा मागे हटले नाहीत. पुढे घरची स्थिती खालावली आणि सारे कुटुंब तीर्थयात्रेला निघाले. तेव्हा रमाबाई तान्ह्या होत्या; त्यांना वेताच्या पेटाऱ्यात घालून नेले. मग वर्षानुवर्षे देवळातून आणि घाटांवर पुराणे सांगायची, मिळेल त्या दक्षिणेवर जगायचे, आणि पुढच्या क्षेत्राकडे चालू लागायचे. मुलीचे शिक्षण या चालण्यातच झाले, आणि शिक्षक होती आई. आज आपण वेळापत्रक लावून शिकतो आणि तरी तक्रार करतो.

दक्षिणेत दुष्काळ पडला तेव्हा पुराण ऐकायला कोणी उरले नाही. होते नव्हते ते दानधर्मात संपले होते. मजुरी करणे कुणालाच ठाऊक नव्हते आणि भीक मागण्याची लाज वाटे. रानात झाडपाला खाऊन दिवस काढले. शेवटी १८७४ साली वडील गेले; पाठोपाठ आईनेही अंथरूण धरले. तिच्यासाठी शिळीपाकी भाकरी मागायला सोळा वर्षांची रमा शेजारच्या दारात गेली, पण तोंडातून शब्द फुटेना. भाकरी मिळाली, ती खाण्याचे त्राण मात्र आईत उरले नव्हते.

आईचा देह उचलायला माणसे मिळेनात. दोन ब्राह्मणांना दया आली आणि ते आले. तिसरा भाऊ श्रीनिवास, आणि चौथी रमा. स्मशान तीन मैल दूर. उंची कमी असल्यामुळे तिला तिरडी खांद्यावर घेता येईना, म्हणून तिने आपला भाग डोक्यावर वाहिला. हे पान मी किती वेळा वाचले ते सांगता येत नाही. आमच्याकडे बाया स्मशानात जात नाहीत. वडिलांना नेले तेव्हा मला उंबऱ्याच्या आत थांबवले होते.

थोड्याच काळात थोरली बहीणही गेली. उरलेली भावंडे दोघे. अनवाणी हिंडत ती उत्तरेकडे गेली. झेलमच्या काठी थंडीत पांघरूण नव्हते, तेव्हा वाळूत खड्डे करून, गळ्यापर्यंत वाळू ओढून त्यांनी रात्र काढली. इतके हाल सोसूनही व्रते, उपासतापास चालूच होते. पण या सगळ्याचे फळ काय, हा प्रश्न दोघांच्या मनात शिरला होता. माझ्या मते रमाबाईंच्या पुढच्या आयुष्याचे बी या प्रश्नात आहे. धर्मांतराची चर्चा करताना आपण इंग्लंडपासून सुरुवात करतो आणि झेलमचा काठ विसरतो.

१८७८ साली ही भावंडे कलकत्त्याला पोहोचली. संस्कृत अस्खलित बोलणारी वीस वर्षांची मुलगी पाहून तेथील पंडित थक्क झाले आणि तिला पंडिता व सरस्वती या पदव्या मिळाल्या. कीर्ती आली तोच १८८० साली श्रीनिवास गेला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. जात निराळी, भाषा निराळी! १८८१ साली मनोरमा जन्मली, आणि ४ फेब्रुवारी १८८२ रोजी बिपिनबाबू पटकीने वारले. तेविशी पूर्ण होते न होते तोच वैधव्य, आणि मांडीवर मूल.

येथवर वाचले तेव्हा आई बोटे मोजत होती. वडील, आई, बहीण, भाऊ, नवरा. एका हाताची बोटे संपली.

रमाबाई पुण्यास आल्या. १८८२ साली त्यांनी आर्य महिला समाज स्थापला, ‘स्त्रीधर्मनीति’ हे पुस्तक लिहिले आणि हंटर आयोगापुढे साक्ष दिली. दुसऱ्या वर्षी वैद्यकीचे शिक्षण घेण्याच्या इच्छेने त्या मुलीसह इंग्लंडला गेल्या. कानांनी ऐकू कमी येत असल्याने ते शिक्षण मात्र राहून गेले. वाँटेजच्या ख्रिस्ती भगिनींच्या मठात त्या राहिल्या. पतित स्त्रियांना जवळ करून पुन्हा उभे करण्याचे या भगिनींचे काम त्यांनी पाहिले आणि त्यांचे मन हलले. २९ सप्टेंबर १८८३ रोजी मायलेकींनी बाप्तिस्मा घेतला. मात्र बाप्तिस्मा घेतला म्हणून बुद्धी गहाण टाकली असे झाले नाही. धर्ममतांवरून मठातील भगिनींशी त्यांचा पत्रातून वाद चाले. त्या पुरुषांना शिकवणार अशी गोष्ट निघाली तेव्हा हिंदुस्थानातल्या बिशपांनी ते अयोग्य ठरवले. रमाबाईंना ते रुचले नाही आणि त्यांनी तसे स्पष्ट कळवले. एके काळी सनातन्यांपुढे न वाकलेल्या बापाची ही लेक होती.

१८८६ साली आनंदीबाई जोशींच्या पदवीदान समारंभासाठी त्या फिलाडेल्फियाला गेल्या आणि अमेरिकेत जवळजवळ तीन वर्षे राहिल्या. गावोगावी व्याख्याने दिली, उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजीत पुस्तक लिहिले, आणि मदतीसाठी बॉस्टनला रमाबाई असोसिएशन उभी राहिली. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत विधवांसाठी ‘शारदा सदन’ उघडले. पुढे महर्षी कर्व्यांच्या पत्नी झालेल्या गोदूबाई या येथल्याच पहिल्या काळातील विद्यार्थिनी.

पुढच्या वर्षी सदन पुण्याला आले आणि १८९३ साली वादळ उठले. रमाबाई स्वतः प्रार्थना करीत, दार उघडे असे, काही मुली येऊन बसत. मुलींना बाटवतात असा गवगवा झाला. केसरीने झोड उठवली. रानडे, भांडारकर यांनीही सल्लागार मंडळ सोडले. कित्येक पालकांनी मुली काढून नेल्या. या बाबतीत मला दोन्ही बाजू समजतात. धर्माच्या बाबतीत तटस्थ राहण्याच्या बोलीवर ज्यांनी विश्वासाने मुली पाठवल्या, त्यांना धक्का बसणे साहजिक होते. पण ज्या श्रद्धेने आपल्याला तारले ती दार लावून लपवायची, हे रमाबाईंच्याने होणे नव्हते. मात्र टीकाकारांपैकी कितीजणांनी आपल्या घरातल्या केशवपन केलेल्या बहिणीच्या हाती पाटी दिली होती, हा प्रश्न राहतोच.

१८९६-९७ साली मध्य प्रांतात दुष्काळ पडला. बातमी कळताच रमाबाई निघाल्या. उपाशी पोरी पाहताना त्यांना स्वतःची सोळा वर्षांची मूर्ती दिसली असली पाहिजे. हा तर्क माझा आहे. त्यांनी सुमारे तीनशे मुली आणल्या. पुण्यात प्लेगमुळे इतक्यांना शहरात ठेवण्यास मनाई झाली, म्हणून सारा मेळा केडगावच्या माळावर गेला. तेथे आधीच जमीन घेऊन फळझाडे लावली होती. तंबू, झोपड्या, मग दगडी इमारती अशी ‘मुक्ती’ उभी राहिली. १९०० सालच्या गुजरातच्या दुष्काळानंतर तेथे दोन हजारांच्या आसपास माणसे राहात होती. एवढ्यांना रोज जेवू घालायचे म्हणजे काय, हे ज्याने लग्नाची पंगत सांभाळली आहे त्याला विचारावे! विहिरी, शेती, गुरे, हातमाग, तेलघाणा, छापखाना. प्रत्येकीला अक्षर आणि हाताला काम. थोरल्या मुलींनी धाकट्यांना सांभाळायचे. फसवल्या गेलेल्या स्त्रियांसाठी ‘कृपा सदन’ होते, आणि आंधळ्या मुलींना मनोरमाबाई ब्रेल शिकवीत. रमाबाई स्वतः पांढरे लुगडे नेसत, केस कापलेले ठेवीत आणि जन्मभर शाकाहारी राहिल्या.

उतारवयात त्यांनी एक अचाट काम अंगावर घेतले. हिब्रू आणि ग्रीक शिकून, मुळावरून संपूर्ण बायबल सोप्या मराठीत आणायचे, म्हणजे नुकते वाचायला शिकलेल्या बाईलाही ते कळावे. पुराणे मुखोद्गत असणाऱ्या पंडितेने अवघड शब्द हट्टाने टाळावेत, याचे मला मोठे नवल वाटते.

काम चालू असतानाच मनोरमाबाई आजारी पडल्या. शिकून परत येऊन त्यांनीच शाळा सांभाळल्या होत्या आणि पुढे सर्व त्यांच्याच हाती जायचे होते. २४ जुलै १९२१ रोजी मिरजेच्या रुग्णालयात त्या वारल्या. हे वाचून दाखवले तेव्हा आईने बोट मोजले नाही. ती उठून चुलीपाशी गेली, आणि बऱ्याच वेळाने तिने विचारले की मग त्या बाईने पुढे काय केले.

पुढे रमाबाईंनी मुद्रिते तपासली. स्वतःची प्रकृती खचली होती, तरी रोजचे काम सोडले नाही. कारभार दुसऱ्यांच्या हाती सोपवला, भाषांतराची अखेरची पाने पाहून दिली, आणि ५ एप्रिल १९२२ रोजी त्या झोपेतच गेल्या. ते बायबल १९२४ साली केडगावच्याच छापखान्यातून बाहेर पडले. त्याचे खिळे जुळवणाऱ्या स्त्रिया मुक्तीतल्याच होत्या. त्यांतल्या कित्येकींना पहिले अक्षर त्याच माळावर कोणीतरी गिरवायला दिले होते.