तळीरामाचे जनक गडकरी मास्तर

मद्यपी माणसाला मराठी वर्तमानपत्रे आजही ‘तळीराम’ म्हणतात. वर्षअखेरीच्या पोलीस बंदोबस्ताची बातमी या शब्दावाचून पुरी होत नाही. तो वापरणाऱ्या कित्येकांनी ‘एकच प्याला’ पाहिलेले नसते आणि वाचलेलेही नसते. नाटकातल्या एका पात्राचे विशेषनाम भाषेत सामान्यनाम होऊन बसावे, याहून मोठे यश नाटककाराला कोणते मिळायचे? कै. राम गणेश गडकरी यांना ते मिळाले, आणि तेही अवघ्या तेहतीस वर्षांच्या आयुष्यात.

गडकऱ्यांचा जन्म २६ मे १८८५ रोजी, त्या वेळच्या बडोदे संस्थानातील नवसारी प्रांतात झाला. त्यांनी देह ठेवला तो मात्र नागपूर जिल्ह्यातील सावनेर येथे. आमचे घराणे मूळचे पांढुर्ण्याचे, त्यामुळे सावनेर हे आमच्या येण्याजाण्याच्या वाटेवरचे गाव. नागपूरहून आलेल्या रस्त्याला तेथे दोन फाटे फुटतात. एक पांढुर्ण्यावरून मुलताईकडे जातो, दुसरा सौंसरवरून छिंदवाड्याकडे. गडकऱ्यांच्या काळी हा सारा मुलूख एकाच मध्यप्रांतात होता. पुढे १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत सावनेर एकीकडे गेले आणि आमची गावे मध्य प्रदेशात राहिली. २०२३ मध्ये पांढुर्णा व सौंसर या तहसिलींचा मिळून पांढुर्णा जिल्हा झाला. राज्याची भाषा हिंदी असली, तरी घरोघरची मराठी अजून टिकून आहे. अशा सीमेवरच्या घरांना गडकरी विशेष जवळचे वाटावेत यात नवल नाही. त्यांचे स्वतःचे बालपणही गुजरातीच्या शेजारात गेले. लहानपणीच वडिलांचे छत्र हरपले आणि कुटुंब पुण्यास आले. ज्या मराठीने त्यांनी पुढे महाराष्ट्राला वेड लावले, ती त्यांना पुष्कळशी अभ्यासाने कमवावी लागली. दुसऱ्याच्या बोलण्यातील लकब टिपणारा त्यांचा तिखट कान मला या कष्टाचेच फळ वाटतो.

फर्ग्युसन महाविद्यालयात गणिताने त्यांची वाट अडविली आणि शिक्षण सुटले. मग कधी वृत्तपत्रातील काम, कधी शिकवणी असे करीत ते किर्लोस्कर नाटक मंडळीत मुलांचे मास्तर झाले. ‘गडकरी मास्तर’ हे नाव कायमचे चिकटले ते असे. कंपनीच्या बिऱ्हाडात त्यांना नटांची बोली, प्रेक्षकांची नाडी आणि माणसांच्या नाना तऱ्हा रोज पाहावयास मिळाल्या. श्रीपाद कृष्ण कोल्हटकर यांना त्यांनी गुरू मानले. कविता ‘गोविंदाग्रज’ या नावाने आणि विनोद ‘बाळकराम’ या नावाने लिहिला. ठकीच्या लग्नासाठी केलेली यातायात वाचून हसलेली घरे या गावातही थोडी नसतील.

पात्र लक्षात राहते ते कशाने, या प्रश्नाचा विचार करताना मला आमच्या गोटमारीची आठवण होते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जांब नदीच्या दोन्ही तीरांवरून पांढुर्णा आणि सावरगाव एकमेकांवर दगडांचा वर्षाव करतात. मागे दंतकथा आहे ती इकडच्या मुलाची आणि तिकडच्या मुलीची. दोघे पळून जात असता नदीतच दगडांखाली सापडली, असे सांगतात. कथा मोठी हृदयद्रावक आहे. पण ती मुलगी कशी बोलत असे, तो मुलगा कशाला भीत असे, हे कोणाला विचारावे? प्रसंग उरला आणि माणसे पुसली गेली. प्रसंग कितीही दारुण असो, माणसाला स्वतःची वाणी आणि स्वतःचा हट्ट असल्याखेरीज ते स्मरणात घर करीत नाही.

गडकऱ्यांनी हे पहिल्यापासून ओळखले होते. १९१२ मध्ये महाराष्ट्र नाटक मंडळीने रंगभूमीवर आणलेल्या ‘प्रेमसंन्यास’ नाटकातला विसरभोळा गोकुळ पाहा. तो नुसता विसरत नाही. विसर पडू नये म्हणून तो गाठी मारून ठेवतो आणि कोणती गाठ कशाची, हेच विसरतो. हसू येते ते त्याच्या वैगुण्यापेक्षा त्याच्या धडपडीचे. ‘भावबंधन’ नाटकातील घनश्याम खलपुरुष खरा, पण लतिकेने केलेल्या अपमानाची आग त्याच्या पोटात आहे. त्याचा सूड अन्याय्य वाटला तरी अकारण वाटत नाही. आणि त्याच नाटकातील कामण्णा? ती भूमिका करणारे दिनकर ढेरे जन्मभर ‘दिनकर कामण्णा’ याच नावाने ओळखले गेले. पात्राने नटाचे आडनावच बदलून टाकले.

परंतु गडकऱ्यांच्या प्रतिभेची खरी कसोटी ‘एकच प्याला’ हीच. सुधाकर हा बुद्धिमान, मानी वकील. न्यायालयात मानभंग होतो, सनद जाते आणि ते दुःख विसरण्यासाठी पहिला प्याला ओठी लागतो. त्याला बुडविणारी दारू आहेच, पण दारूपर्यंत नेणारा त्याचा अभिमान आहे. ज्या गुणामुळे तो मोठा, त्याच गुणाच्या वाटेने त्याचा नाश होतो. शिवाय व्यसनाच्या पायऱ्या तो स्वतःच वकिली चोखपणाने उलगडून सांगतो. सर्व समजूनही तो थांबू शकत नाही, हीच या पात्राची भीषणता आहे. त्याच सुमारास बंगालमध्ये शरच्चंद्रांचा ‘देवदास’ जन्मला. तो गमावलेल्या प्रेमासाठी प्याला, सुधाकर दुखावलेल्या अभिमानासाठी. देवदासाला चित्रपटाने १९२८ पासून पुनःपुन्हा जन्म दिला. सुधाकराचे खरे घर रंगभूमीच राहिले.

तळीरामाची गोष्ट याहून निराळी. गडकऱ्यांनी त्याला दारूची निंदा करावयास लावले नाही, तर्कशुद्ध वकिली करावयास लावले. आर्यमदिरामंडळ स्थापून तो व्यसनाला संस्थेचे रूप देतो. आपण त्याला हसतो आणि हसता हसता त्याच्या पंगतीला बसतो. सुधाकर तरी दुसरे काय करतो? उपदेशकाच्या तोंडी उत्तम भाषा घालणे सोपे असते. मोहाच्या तोंडी ती घालण्याचे धैर्य गडकऱ्यांनी दाखविले, म्हणून तळीराम जगला. सिंधूविषयी मात्र माझे मन पूर्वीइतके निःशंक नाही. नवऱ्याच्या हातून जीवघेणा घाव बसल्यावरही ती त्याला वाचविण्यासाठी खोटे सांगते. आमच्या आजीच्या पिढीने तेथे डोळ्यांना पदर लावला, आजच्या मुलींना तेथे संताप येतो. दोन्ही पिढ्या तिला विसरू शकत नाहीत, एवढे मात्र खरे.

या सामर्थ्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. अपुऱ्या राहिलेल्या ‘राजसंन्यास’ नाटकात गडकऱ्यांनी संभाजी महाराज रंगविले ते जुन्या बखरींच्या आधाराने. वा. सी. बेंद्रे यांचे संशोधनपूर्ण चरित्र १९६० मध्ये आले आणि ते जुने चित्र मागे पडले. पण नाटकातील शब्द तसेच राहिले. जानेवारी २०१७ मध्ये पुण्याच्या संभाजी उद्यानातील गडकऱ्यांचा अर्धपुतळा उखडून नदीत टाकला गेला. हे कृत्य निंद्यच होते. तरीही काल्पनिक माणूस घडविताना मिळणारी मोकळीक इतिहासातील माणसाच्या बाबतीत लेखकाला मिळत नाही, हा बोध त्यातून घ्यावा लागतो. दुबळ्या लेखणीने चूक केली तर ती वर्षभरात विरते. समर्थ लेखणीची चूक शंभर वर्षे टिकते.

क्षयाने पोखरलेले गडकरी अखेरीस सावनेरला आपल्या बंधूंकडे राहिले. ‘एकच प्याला’ नाटकाची पदे लिहिण्याचे त्राण उरले नव्हते, ती वि. सी. गुर्जरांनी लिहून दिली. ‘भावबंधन’ मात्र त्या अखेरच्या दिवसांत त्यांनी पुरे केले. शरीर झिजत असता त्यांची लेखणी लोकांना पोट धरून हसविणारी माणसे निर्माण करीत होती. २३ जानेवारी १९१९ रोजी सारे संपले.

त्यानंतर महिनाही उलटला नव्हता. २० फेब्रुवारी १९१९ रोजी गंधर्व नाटक मंडळीने ‘एकच प्याला’ रंगभूमीवर आणले, ते आपल्या बडोद्यास. बालगंधर्व सिंधू झाले, गणपतराव बोडस सुधाकर झाले. ज्या संस्थानात गडकरी जन्मले, त्याच्याच राजधानीत त्यांची माणसे प्रथम चालू-बोलू लागली. ती पाहावयास तेवढा त्यांचा जनक नव्हता. त्या रात्री प्रेक्षागृहात बसलेल्यांची नातवंडे-पतवंडे आजही या शहरात नांदत आहेत. त्यांनी घरातले ते जुने पुस्तक एकदा तरी मोठ्याने वाचावे. गडकऱ्यांची माणसे कागदावर अर्धीच असतात, उरलेली अर्धी आवाजात जागी होतात.