संत सोयराबाई : चोखोबांच्या घरची माउली



पंढरीला पोचलं की महाद्वारापाशी आपण नामदेव पायरीचं दर्शन घेतो, तिथंच समोर चोखोबांच्या समाधीपुढं माथा टेकतो, आणि मग पुढं जातो. चोखोबांचं नाव आपल्या सगळ्यांच्या तोंडी आहे. पण चोखोबांचा संसार जिनं ओढला आणि स्वतःही अभंग रचले, त्या सोयराबाईंचं चरित्र फारसं कुणी सांगत नाही. दिंडीला शंभर वर्षं होत असताना तेवढी सेवा या पानांवर करावी म्हणून हे लिहितो आहे.

सोयराबाईंचा काळ ज्ञानोबा-नामदेवांचा. चोखोबा जातीनं महार, राहणार मंगळवेढ्याचे. नणंद निर्मळा, तिचं सासर मेहुणं, म्हणजे आजच्या बुलढाणा जिल्ह्यातलं मेहुणाराजा. निर्मळेचे पती बंका हे सोयराबाईंचे सख्खे भाऊ. म्हणजे नणंद तीच भावजय, असं दुहेरी नातं. सोयराबाईंच्या पोटी कर्ममेळा जन्मला. नवरा, बायको, बहीण, मेहुणा आणि मुलगा, पाचही जणांनी अभंग रचले. गावानं ज्यांना शिवू दिलं नाही, त्या एका घरात पाच संत झाले.

त्या काळी महाराच्या घरची बाई कशी जगत होती, हे आधी ध्यानात घ्यावं. पुरुषांनी गावची मेलेली ढोरं ओढायची, वेठीला जायचं, कुणी हाक मारली की पळायचं. त्या बदल्यात घरोघरचं उरलंसुरलं पदरात पडायचं. त्यातच बाईनं घर भागवायचं. पाणवठ्याला हात लावायचा नाही, देवळात पाऊल टाकायचं नाही. असं असताना सोयराबाई देवाला आपल्या झोपडीत जेवायला बोलावत. घरात गोडधोड नाही, कण्याच आहेत, पण विदुराघरच्या कण्या तुला गोड लागल्या ना देवा, मग आमच्याकडंही ये, असा त्यांचा भाव. अभंगाच्या शेवटी नाव घालताना त्या स्वतःला चोख्याची महारी म्हणवतात. लोक ज्या शब्दानं हिणवत होते, तोच शब्द त्यांनी देवापुढं उभं राहताना आपली ओळख म्हणून घेतला.

बरेच दिवस त्यांना मूल नव्हतं. बाईच्या जिवाला ते दुःख किती लागतं, हे आयाबहिणींना सांगायला नको. सोयराबाईंनी ते झाकून ठेवलं नाही. आम्हाला असं का ठेवलंस, आमची कुणालाच कशी काळजी नाही, असं त्यांनी विठ्ठलाला सरळ विचारलं. पुढं देवाच्या कृपेनं दिवस गेले. बाळंतपण जवळ आलं तसं घरात काही नाही, या काळजीनं चोखोबा बहिणीकडं मेहुण्याला निघून गेले. इकडं सोयराबाई एकट्या, कळा सुरू झालेल्या. सांगतात, त्या वेळी विठ्ठलच नणंद निर्मळेचं रूप घेऊन दारात आला आणि सगळं बाळंतपण त्यानं केलं. तिकडं भावजयीला एकटी टाकून आल्याबद्दल निर्मळेनं भावाची चांगली खरडपट्टी काढली. चोखोबा परत येऊन बघतात तर बाळ-बाळंतीण सुखरूप!

माउली, या कथेत काय आहे ते बघा. बाळंतपण म्हटलं की सुईर, विटाळ आलाच. सोवळ्यातला देव म्हणून ज्याच्या देवळात यांना मज्जाव होता, तोच देव महारवाड्यात जाऊन बाळंतिणीचे हात-पाय शेकत बसला.

दुसरी कथा जेवणाची. विठ्ठल चोखोबांकडं जेवायला बसलेला. वाढता वाढता सोयराबाईंच्या हातून दही सांडलं आणि देवाचा पीतांबर भरला. चोखोबा त्यांना बोलले. ते बोलणं येणाऱ्या-जाणाऱ्या एका ब्राह्मणाच्या कानी पडलं. महाराच्या घरी देव जेवतो म्हणतोस काय, म्हणून त्यानं चोखोबांच्या थोबाडीत मारली. पुढं देवळात बघतात तो देवाचाच गाल सुजलेला, आणि पीतांबर दह्यानं भरलेला.

सोयराबाईंचे साठेक अभंग आज आपल्या हाती आहेत. त्यांतला विटाळाचा अभंग प्रत्येक फडावर निरूपणाला घ्यावा असा आहे. त्यांचं म्हणणं साधं आहे. देहाला विटाळ म्हणता, पण विटाळ देहातच होतो आणि त्या विटाळातूनच देह घडतो. विटाळावाचून जन्मलेला एक तरी माणूस दाखवा. मग सोवळा कोण आणि ओवळा कोण? आत्मा तर शुद्धच आहे. चोखोबांनीही शिवाशिवीवर देवाला प्रश्न केले. पण सोयराबाईंवर ओझं दुहेरी. महार म्हणून बारा महिने दूर, आणि बाई म्हणून महिन्याच्या महिन्याला आणखी दूर. म्हणून या एका प्रश्नात जातीचा विटाळ आणि बाईपणाचा विटाळ दोन्ही आले.

त्यांचा दुसरा एक अभंग आहे तो मीतूपण गळून सगळे रंग एक झाल्याचा. किशोरीताई आमोणकरांनी गायला आणि तो घरोघरी पोचला. बघणारी वेगळी आणि देव वेगळा, असं उरलंच नाही, असं त्या सांगतात. विशेष म्हणजे दर्शनाला ज्यांना आत सोडलं नाही, त्या हे सांगतात.

शके १२६०, म्हणजे सन १३३८. मंगळवेढ्याला गावकुसाचं काम चाललं होतं. चोखोबा त्या कामावर होते. कूस कोसळलं आणि ते त्याखाली गेले. नामदेवरायांनी त्यांच्या अस्थी पंढरीला आणल्या आणि महाद्वारासमोर समाधी दिली. मेल्यावरही जागा मिळाली ती दाराबाहेर. ते दार उघडावं म्हणून १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींनी पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात उपोषण केलं, आणि त्याच साली ते सर्वांना उघडलं. मधे सहाशे नऊ वर्षं गेली.

दार उघडलं, पण सोयराबाईंचा प्रश्न अजून मिटलेला नाही. पंगतीत कोण कुणाशेजारी बसतं, मुक्कामाला कुणाच्या घरचं पाणी चालतं, हे ज्यानं त्यानं आपल्या मनाला विचारावं. कावळा शिवला म्हणून वाटेवरची एखादी लेक तुळशीपासून लांब, खाली मान घालून चालत असेल, तर तिला आपण काय सांगणार? विटाळाचा तो अभंग सांगावा. आणि यंदा चोखोबांच्या समाधीपुढं वाकाल, तेव्हा सोयराबाईंचंही नाव घ्यावं.

पुंडलिक वरदे हरि विठ्ठल!