लोण्यातून शब्द काढणारे शेव्रल

लोणी खवट झाले की नाकात शिरणारा वास ब्युटिरिक आम्लाचा. हे नाव लोण्याच्या लॅटिन नावावरून, ‘ब्युटिरम’वरून, दिले फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ मिशेल शेव्रल (१७८६–१८८९) यांनी. १०२ वर्षे जगलेला हा माणूस चरबीचाच अभ्यासक! चरबीतल्या मोत्यासारख्या चमकणाऱ्या आम्लाला त्यांनी ग्रीक ‘मोती’वरून ‘मार्गारिक’ म्हटले. पुढे ते दोन आम्लांचे मिश्रण निघाले. तरी १८६९ मध्ये आलेल्या नकली लोण्याला तेच नाव चिकटले : मार्गारीन. पित्ताशयातल्या खड्यांमधल्या पदार्थाचे ‘कोलेस्टेरीन’ हे नावही त्यांचेच. ‘कोले’ म्हणजे पित्त, ‘स्टेरिऑस’ म्हणजे घट्ट. त्यात हृदय कुठेच नव्हते. आता मात्र रिपोर्टमध्ये ‘कोलेस्टेरॉल’ वाढलेले दिसले, की ताटातून आधी लोणी जाते.