बिशप बार्तोलोमे दे लास कासास (१४८४–१५६६)

सेव्हिलचे बार्तोलोमे १५०२ साली हिस्पानिओला बेटावर आले. धर्मगुरू झाल्यावरही त्यांच्या पदरी मूळ रहिवासी वेठबिगार होतेच! १५१४ साली क्युबात पेन्टेकॉस्टच्या प्रवचनाची तयारी करताना धर्मग्रंथातील वचनांनी त्यांचे मनपरिवर्तन झाले व त्यांनी वेठबिगारांवरील हक्क सोडला. १५४२ च्या नव्या कायद्यांमागे त्यांचा मोठा पाठपुरावा होता. चियापासचे बिशप या नात्याने, गुलाम न सोडणाऱ्या मालकांना त्यांनी पापक्षमा नाकारली.

एक गोष्ट मात्र लपवू नये. मूळ रहिवाशांचे हाल थांबावेत म्हणून गुलाम आयात करण्याची सूचना १५१६ साली त्यांनीच केली होती. आफ्रिकनांनाही अन्यायानेच पकडले जाते, हे पुढे उमगल्यावर त्यांनी आपला पश्चात्ताप ‘इंडीजचा इतिहास’ या ग्रंथात नोंदवून ठेवला.