वाफेचा पारखी : अर्देशीर करसेटजी वाडिया

सिल्वासाहून वापीकडे जाणाऱ्या मोटारीत चालकाच्या मागे बसणाऱ्या विद्यार्थ्यांनी एक गोष्ट पाहिली असेल. चालकाचे लक्ष रस्त्यावर असते खरे, परंतु मधूनमधून त्याची नजर खाली काट्यांकडे वळते. एंजिन तापले आहे काय, तेलाचा दाब उतरला आहे काय, हे त्याला तेथे कळते. शर्यतीच्या रस्त्यावर मोटार पळविणारे तर असे काटे हौसेने अधिकच बसवून घेतात. तेथे एंजिनाला क्षणाचाही विसावा नसतो, आणि तेलाचा दाब गेल्याचे उशिरा कळले तर सारे एंजिन निकामी होते. यंत्राच्या बंद पोटात काय चालले आहे ते बाहेरून ओळखण्याची ही विद्या आपल्या पश्चिम किनाऱ्यावर आगबोटींबरोबर आली. ती अंगी मुरविणाऱ्या पहिल्या भारतीयांत ज्यांचे नाव अग्रभागी आहे, त्या अर्देशीर करसेटजी वाडिया ह्यांचे चरित्र आम्ही येथे देत आहोत.

वाडिया घराणे मूळचे सुरतेचे, म्हणजे आपले शेजारीच. ह्या घराण्यातील लवजी नसरवानजी अठराव्या शतकात मुंबईस आले आणि तेथील गोदीत जहाजे बांधू लागले. पुढे पिढ्यान् पिढ्या हेच काम चालले. अर्देशीर ह्यांचा जन्म ६ ऑक्टोबर १८०८ रोजी झाला. वयाच्या चौदाव्या वर्षी ते गोदीत दाखल झाले. सागवानाचा कोणता तुकडा जहाजाच्या कण्याला योग्य आणि कोणता फळीला, हे घरच्यांना नुसत्या हाताच्या स्पर्शाने कळे. ह्या मुलाचे मन मात्र लाकडात रमले नाही. त्याला वाफेचे वेड लागले.

१८३० साली ‘ह्यू लिंडसे’ ही मुंबईतच बांधलेली आगबोट सुएझला जाऊन पोहोचली, तेव्हा अर्देशीर ऐन एकविशीत होते. त्यांनी स्वतः एक अश्वशक्तीचे वाफेचे एंजिन तयार केले. १८३३ मध्ये ‘इंडस’ नावाचे लहानसे जहाज बांधून त्यात विलायतेहून मागविलेले दहा अश्वशक्तीचे एंजिन बसविले. १८३४ मध्ये माझगावच्या आपल्या बंगल्यात व बागेत गॅसचे दिवे लावले. ते पाहण्यास खुद्द गव्हर्नर आले होते.

त्या काळच्या आगबोटीवर एंजिन राखणे म्हणजे काय, हे विद्यार्थ्यांनी थोडे समजून घ्यावे. आमच्या कोकणी घरात पेजेच्या भांड्यावरचे झाकण नाचू लागले की आई न पाहताच जाळ कमी करीत असे. बॉयलरला असे नाचणारे झाकण नसते. वाफेचा दाब पाहण्यासाठी पारा भरलेली वाकडी नळी असे. पाऱ्यावर तरंगणारी लाकडी काडी एक इंच वर सरकली की दर चौरस इंचास सुमारे एक पौंड दाब वाढला असे समजत. चार-पाच पौंड दाब म्हणजे पुरे झाले. पाण्याची पातळी कळावी म्हणून काचेची नळी असे. शिवाय वरखाली तोट्या असत. वरची उघडली असता वाफ आली पाहिजे, खालची उघडली असता पाणी. खालच्या तोटीतूनही वाफच फुसफुसली, तर संकट दाराशी आले म्हणून समजावे.

आणखी एक शत्रू होता, तो मिठाचा. बॉयलरमध्ये समुद्राचेच पाणी भरीत. वाफ निघून जाई, क्षार मागे राही आणि त्याचा थर आतल्या पत्र्यावर चढे. त्या थरामुळे पाण्याला उष्णता पोहोचत नसे. पत्रा मात्र लाल होऊन नरम पडे. हे टाळण्यासाठी एंजिनियर बॉयलरमधील थोडे पाणी काढून उघड्या भांड्यात उकळीत आणि त्यात उष्णतामापक बुडवीत. गोडे पाणी २१२ अंश फॅरनहाइटला उकळते, समुद्राचे सुमारे २१३ अंशांना. क्षार वाढेल तसा आकडा वर चढतो. तो फार चढला की खारट पाणी समुद्रात सोडून नवे घ्यावयाचे. फार सोडले तर कोळसा फुकट जाई, कमी सोडले तर पत्रा जाई. एका-दोन अंशांवर साऱ्या जहाजाचे प्राण अवलंबून! आम्हांला ही युक्ती कोणत्याही मोठ्या शोधाइतकीच सुंदर वाटते.

सागरी एंजिनांच्या अभ्यासासाठी अर्देशीर १८३९ साली इंग्लंडला गेले. ह्या प्रवासाची दैनंदिनी १८४० साली लंडनमध्ये छापून निघाली. १८४१ हे वर्ष त्यांच्या आयुष्यातील मोठे. त्याच वर्षी लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना सदस्य निवडले. हा मान मिळविणारे ते पहिले भारतीय. दुसरे भारतीय रामानुजन, आणि तेही १९१८ साली. परंतु आमच्या मते त्याच वर्षीच्या एप्रिलमधील घटना अधिक कसोटीची होती. मुंबईतील कंपनी सरकारच्या वाफ-कारखान्याचे मुख्य एंजिनियर व यंत्र-तपासनीस म्हणून त्यांची नेमणूक झाली. हाताखाली युरोपीय फोरमन आणि बॉयलर-कारागीर होते. एतद्देशीय मनुष्य गोऱ्यांवर हुकूम चालविणार, ही गोष्ट मुंबईच्या एका इंग्रजी वृत्तपत्राला रुचली नाही व तसे त्याने छापलेही. सन्मान एकदा मिळाला की मिळाला. येथे मात्र रोज परीक्षा होती. एक बॉयलर फुटला असता तर दोष एका माणसावर न थांबता साऱ्या देशी कारागिरांवर गेला असता. अर्देशीर ह्यांनी ही जागा १८५७ पर्यंत सांभाळली.

मधल्या काळात, १८४९ साली, ते अमेरिकेस जाऊन आले. १८५१ मध्ये त्यांनी ‘लवजी फॅमिली’ ही आगबोट पाण्यात सोडली. तिचे भाग विलायतेहून न आणता त्यांनी घरच्या ओतशाळेत घडविले होते. तोवर पॅरिसच्या बूर्दाँ ह्याने वाकविलेल्या पितळी नळीचा दाबमापक शोधून काढला होता, आणि पाऱ्यावरच्या काडीची जागा तबकडीवरचा काटा घेऊ लागला होता.

निवृत्तीनंतर १८६१ साली ते पुन्हा कामावर रुजू झाले, ते सिंधमध्ये, सिंधू नदीवरील आगबोटींचे प्रमुख एंजिनियर म्हणून. अखेरची वर्षे त्यांनी इंग्लंडमध्ये रिचमंड येथे काढली. १६ नोव्हेंबर १८७७ रोजी तेथेच त्यांचे निधन झाले. १९६९ मध्ये भारतीय डाकखात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले. तिकिटे जमविणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांपैकी कोणाच्या वहीत ते असेल, तर आम्हांला अवश्य दाखवावे.