येसूवहिनी : सावरकरांच्या घराचा आधार



नाशिक परिसरातल्या शाळांच्या सहली भगूरला जातात. देवळाली कॅम्प ओलांडलं की हे गाव येतं. तिथला सावरकर वाडा मुलं बघतात आणि तीन भावांची माहिती ऐकतात. गणेश म्हणजे बाबाराव, विनायक म्हणजे तात्याराव आणि धाकटे नारायणराव. पण आई लवकर गेलेल्या या तीन भावांना जेवू कोणी घातलं, आजारपणात कोण जागलं आणि तिघंही तुरुंगात गेल्यावर मागे कोण उरलं? हा प्रश्न आपण मुलांपुढे ठेवतो का? त्याचं उत्तर एका नावात आहे. ते नाव म्हणजे बाबारावांच्या पत्नी यशोदाबाई, सगळ्यांच्या येसूवहिनी.

माहेर आणि लग्न

येसू ही त्र्यंबकेश्वरच्या फडके घराण्यातली मुलगी. 1896 साली तिचं लग्न बाबारावांशी झालं. तेव्हा बाबाराव सतरा वर्षांचे होते आणि येसू जेमतेम दहा-अकराची, म्हणजे आजच्या हिशोबाने आपल्या पाचवी-सहावीच्या वर्गात बसणारी.

ती ज्या घरात आली तिथे सासू नव्हती. राधाबाई 1892 मध्येच पटकीने गेल्या होत्या. सासरे दामोदरपंतांनी दुसरं लग्न केलं नाही. स्वयंपाकपाणी आणि मुलांचं सगळं तेच बघत होते. अशा घरात सून आली म्हणजे काय झालं असेल ते तुम्हीच ताडा. चूल तिच्या हाती आली. विनायक जवळजवळ तिच्याच वयाचा, नारायण तर लहानच. नात्याने ते दीर, पण वाढवायचे मुलांसारखे.

येसूला गाणी फार येत. जुनी, बायकांच्या तोंडी असलेली कितीतरी गाणी तिला पाठ होती. लिहा-वाचायला मात्र ती सासरी आल्यावर घरातच शिकली. विनायकशी तिचं चांगलं जमे. वहिनी आणि दीर, पण मैत्रीच जास्त.

प्लेगचं वर्ष

1899 साली प्लेग भगूरला पोचला. आधी दामोदरपंत गेले. मग चुलत सासरे गेले. धाकटा नारायण तापाने फणफणला. त्या काळी ज्या घरात प्लेग शिरला त्या घराच्या वाऱ्यालाही कोणी उभं राहत नसे. अशा वेळी नाशिकच्या दातार कुटुंबाने या मुलांना आसरा दिला. नारायणला प्लेगच्या दवाखान्यात ठेवलं, बाबाराव त्याच्या सेवेला राहिले आणि शेवटी त्यांनाही प्लेगने गाठलं.

बघा, त्या वेळी येसूचं वय चौदाच्या आसपास. सासरे गेलेले, नवरा आणि धाकटा दीर दवाखान्यात. रोज सकाळी काय बातमी येईल याची धास्ती. सुदैवाने दोघंही वाचले. पण त्या आजारपणातून घर बाहेर आलं तेव्हा घरात वडीलधारं कोणी उरलं नव्हतं. वीस वर्षांचे बाबाराव कर्ते पुरुष झाले आणि येसू घरची मोठी बाई. तिला आता सगळे वहिनी म्हणू लागले.

नाशिकचा संसार

पुढे बिऱ्हाड नाशिकला झालं. पैशांची ओढाताण कायमची. विनायकला शिकवायचं हे मात्र नवरा-बायकोचं पक्कं ठरलेलं. बाबारावांनी स्वतःचं शिक्षण सोडून दिलं. वहिनींनी अंगावरचे दागिने एकेक करून काढून दिले. 1902 मध्ये विनायक पुण्याला फर्ग्युसन कॉलेजात गेले आणि 1906 मध्ये बॅरिस्टर होण्यासाठी लंडनला. या शिक्षणात वहिनींच्या दागिन्यांचाही वाटा आहे, हे मुलांना सांगायला विसरू नका.

दरम्यान घरात मित्रमेळा आणि नंतर अभिनव भारत या संघटनांची वर्दळ सुरू झाली. आल्यागेल्याचं चहापाणी, जेवण आणि वर गुप्तता, हे सगळं वहिनींनी सांभाळलं. पण त्या फक्त स्वयंपाकघरात राहिल्या नाहीत. नाशिकच्या बायकांना एकत्र आणून त्यांनी आत्मनिष्ठ युवती संघ चालवला. परदेशी बांगड्या आणि कापड नको, वर्तमानपत्र वाचायचं, देशभक्तीची गाणी पाठ करायची, असं तिथलं काम होतं. घरातच अक्षर गिरवलेली मुलगी आता दुसऱ्यांना वाचायला लावत होती.

त्यांच्या पोटी झालेल्या मुली तान्हेपणीच गेल्या. ते दुःख गिळून त्या उभ्या होत्या.

रिकामं घर

1909 साल उजाडलं. फेब्रुवारीत बाबारावांना अटक झाली. राजद्रोही ठरलेल्या कविता छापल्याबद्दल जूनमध्ये त्यांना जन्मठेप, काळं पाणी आणि मालमत्ता जप्तीची शिक्षा झाली. वहिनींनी ही बातमी लंडनला कळवली. विनायकरावांनी उत्तरादाखल त्यांना धीर देणारी सांत्वन ही कविता पाठवली.

वर्ष संपता संपता नारायणरावांनाही पकडलं. 21 डिसेंबरला नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात कलेक्टर जॅक्सनचा खून झाला आणि शहरात धरपकड सुरू झाली. मार्च 1910 मध्ये लंडनला विनायकरावांना अटक झाली. पुढे त्यांना दोन जन्मठेपा, एकूण पन्नास वर्षं. म्हणजे पाहा, वाढवलेले दोन्ही दीर आणि नवरा, तिघंही गजाआड. घर सरकारजमा. मागे राहिल्या वहिनी आणि धाकटी जाऊ यमुनाबाई, म्हणजे माई. माईंचा छोटा मुलगाही नुकताच गेलेला. सावरकरांच्या घरच्या बायकांना थारा द्यायला लोक घाबरत होते.

आता वहिनींची एकच इच्छा उरली, अंदमानला जाऊन नवऱ्याला एकदा डोळ्यांनी बघायचं. कैद्याला घरी पत्र लिहायला मिळायचं वर्षातून एकदा. भेटीच्या परवानगीसाठी अर्ज होत राहिले, नकार येत राहिले. दहा वर्षं गेली. 1919 मध्ये वहिनी गेल्या आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत परवानगी आली. मे महिन्यात नारायणराव आणि माई अंदमानला पोचले. भेटायला आलेल्यांत वहिनी दिसेनात. त्या गेल्याचं बाबारावांना तेव्हा तिथेच कळलं.

बाबाराव 1922 मध्ये सुटले आणि 1945 पर्यंत जगले. त्यांनी पुन्हा लग्न केलं नाही.

वर्गात काय करता येईल?

येसूवहिनींना तुरुंगवास झाला नाही, म्हणून धड्यात त्यांचं नाव शोधावं लागतं. पण ते घर वीस वर्षं टिकलं ते त्यांच्यामुळे. मुलांनी आधी ही गोष्ट समजून घ्यावी आणि मग भावांची. त्यासाठी काही सोपे उपक्रम :

1. नकाशात त्र्यंबकेश्वर, भगूर, नाशिक आणि अंदमान दाखवा. वहिनींना शेवटच्या ठिकाणी का पोचता आलं नाही, यावर बोलतं करा.
2. 1892 ते 1919 ही कालरेषा फळ्यावर काढा. प्रत्येक टप्प्यावर वहिनींचं अंदाजे वय लिहायला लावा. मुलं आपोआप गप्प होतात.
3. वर्षातून एकच पत्र लिहायला मिळालं तर घरी काय लिहाल? दहा ओळी लिहून घ्या.
4. मोठ्या मुलांसाठी आणि पालकांसाठी डॉ. शुभा साठे यांचं त्या तिघी हे पुस्तक जरूर वाचा. सावरकर घराण्यातल्या तिन्ही जावांवर ते आहे.

पालकहो, एक काम तुमच्यासाठी. तुमच्या घरातही अशी एखादी आजी किंवा काकू असेल, जिने दुसऱ्यांच्या शिक्षणासाठी दागिने मोडले, पण तिचं नाव कुठे लिहिलेलं नाही. आज रात्री मुलांना तिची गोष्ट सांगा, आणि मुलांकडून ती वहीत लिहून घ्या.